उघाडीची पाळी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दुज असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला खाडी पूर्ण भरणार. अष्टमीला सहा. बापाने मला हे गणित शिकवलं तेव्हा साधे पाढेही धड येत नव्हते, पण पाऊणकी तोंडपाठ होती. शाळेत मास्तर पाऊणकी विचारायचे तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि मी छाती काढून उभा राहायचो.

हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे कोणीतरी म्हणेल, बिचाऱ्याचा अंदाज चुकला असेल. अजिबात चुकला नव्हता. त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि पाणी उघाडीच्या उंबऱ्याला कधी लागेल, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी गेलो नाही.

उघाडी म्हणजे आमच्या बांधातलं दार. आमचं गाव खाडीकाठी, पनवेलपासून सायकलीवर पाऊण तास. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये आजा-पणज्याने घातलेला मातीचा लांबच लांब बांध. त्या बांधात एका जागी दगडी भिंतींच्या मध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडलेली. दोन्ही भिंतींना खाचा आणि खाचांत वरून सोडायच्या पाच जाड फळ्या. पाऊस जास्त झाला की ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत फळ्या परत बसवायच्या. बसवल्या नाहीत तर खारं पाणी आत येतं. आणि खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही.

म्हणून ह्या दाराची राखण गावकीने ठरवून दिलेली असायची. एका घराकडे पाळी. मळणी झाली की प्रत्येक खळ्यावरून त्या घराला एक टोपलं भात मिळायचं, आणि उघाडीत जाळं लावून जे मासे मिळतील तेही त्याच घराचे. आमच्या घराकडे ही पाळी बापाच्या तरुणपणापासून होती. त्याचे गुडघे गेले आणि मी उघाडीवर बसायला लागलो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. काळ नव्वदच्या सुमाराचा. मी तेव्हा कोवळं पोर नव्हतो, घोडा झालो होतो चांगला.

त्या वर्षी वैशाखात उघाडीच्या दोन फळ्या कुजल्या म्हणून मी पनवेलला लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला म्हणाला, तासभर लागेल, बसा. बसायला जागा नव्हती. शेजारी एका दुकानाला काळा पडदा लावलेला आणि आतून टुंग टुंग आवाज येत होता. मी पडदा सारून आत गेलो. आत पाच मशीनं उभी, कपाटासारखी. तीनांवर विमानं नाहीतर मारामाऱ्या. चौथं बंद. पाचव्याच्या काचेत वरून एकेक ठोकळा खाली पडत होता. कुठला आडवा, कुठला उभा, कुठला वाकडा. आपण काठी हलवून तो फिरवायचा आणि खाली असा बसवायचा की भिंतीत फट राहता कामा नये. फट राहिली नाही तर ओळ जाते. राहिली तर भिंत चढत चढत वर येते आणि खेळ संपतो.

आता हसायचं असेल तर हसून घ्या. सगळा जन्म बांधाच्या फटी बुजवण्यात गेलेला माणूस मी, आणि मला वेड लागलं तेही फटी बुजवण्याचंच.

आणि मी चांगला खेळायचो. खोटं कशाला बोलू? पहिल्या आठवड्यात कॉलेजची पोरं मला शिकवत होती, दुसऱ्या महिन्यात तीच पोरं स्वतःचा खेळ सोडून माझ्या मागे उभी राहायची. खेळ संपला की मशीन इंग्रजीतली तीन अक्षरं मागायचं, ती यादीत यायची. मला पुढचा डाव लावायची घाई, मी अक्षरं बदलायचोच नाही. पहिली ‘ए ए ए’ असायची, तीच ठेवून द्यायचो. पावसाळा लागेपर्यंत यादीत वरपासून खालपर्यंत ‘ए ए ए’. दुकानदार म्हणायचा, "भाऊ, ही यादी आहे की कोणी विहिरीत पडलंय?"

तो दुकानदार भला माणूस होता. त्याला मी भरतीचं गणित शिकवलं होतं. गिऱ्हाईक नसलं की तो कॅलेंडर बघून मला विचारायचा, "आज चतुर्थी, म्हणजे तीन वाजता, बरोबर?" आणि बरोबर आलं की खूश व्हायचा.

घरी मात्र मी खोटं बोलायला लागलो. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. कधी वखारीत काम आहे, कधी बँकेत, कधी कोणी मित्र दवाखान्यात आहे. एवढे मित्र मला जन्मात नव्हते. जेवताना भाकऱ्यांची चळत दिसली की ती नीट रचायला बोटं वळवळायची. कौलं बघितली की कुठलं कुठे बसेल हे डोक्यात चालू. मुलगी मांडीवर येऊन काहीतरी सांगायची आणि मी "हो का?" म्हणायचो. काय सांगितलं ते मला एकदाही आठवायचं नाही. एकदा ती बायकोला म्हणाली, "बाबाला ऐकायला येत नाय." बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं.

तरीही त्या काळात उघाडी मी एकदाही चुकवली नाही. हाच माझा माज होता. मी स्वतःला सांगायचो, गड्या, व्यसनी माणसाला वेळेचं भान नसतं, तुला तर मिनिटांचं भान आहे. त्या भानाच्या जोरावर मी रोज थोडं थोडं जास्त थांबायला लागलो.

बांधाच्या उंचवट्यावर, उघाडीपासून हाकेच्या अंतरावर एका कातकऱ्याची झोपडी होती. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. तो, त्याची बायको आणि विधवा मुलगी. पावसात आमच्या शेतांवर मजुरीला यायचे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, आणि मधल्या दिवसांत तो लोखंडी आकडी घेऊन बांधाच्या कडेने चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, काढायचा. बिळात हात घालून एवढी मोठी चिंबोरी तो असा बाहेर काढायचा की तिला कळायचंही नाही. बापाच्या वयाचा माणूस, पण गावातलं शेंबडं पोरही त्याला "अरे" म्हणायचं. मीही म्हणायचो. तो मला "शेट" म्हणायचा. मी कसला डोंबलाचा शेट! पण म्हणायचा.

आश्विनातली दुज होती. घट बसून दुसरा दिवस. आदल्या रात्री पाऊस कोसळला होता आणि शेतं तुडुंब झाली होती. भात निसवायला आलेलं, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात. ह्या दिवसांत रोपांच्या गळ्याशी पाणी राहिलं तर दाणा भरत नाही. मी पहाटे ओहोटीला पाचही फळ्या काढल्या आणि पाणी धो धो खाडीत जायला लागलं. दुज, म्हणजे दीडला पूर्ण भरती, आणि उधाणाचे दिवस, म्हणजे साडेदहाला पाणी उंबऱ्याला लागणार. आठ वाजले होते. अडीच तास नुसतं बसून पाणी बघायचं.

मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "खिळे संपलेत. फळीची पट्टी सुटलीय. पनवेलला जाऊन येतो."

ती चुलीपुढे होती. मागे वळून म्हणाली, "डब्यात हायत की खिळे."

"ते बारीक आहेत," मी म्हणालो आणि सायकलीवर टांग टाकली.

पावणेनऊला मी दुकानापुढे होतो. शटर नऊला उघडलं. खिळ्यांचं दुकान समोरच होतं, तिकडे मी बघितलंही नाही. मनाशी ठरवलं होतं, दोन डाव, पंधरा मिनिटं, साडेनऊला सायकलीवर. पहिला डाव लवकर संपला. दुसरा संपेना.

तसा डाव मी आयुष्यात खेळलो नव्हतो. काठी हातात आहे हेच जाणवत नव्हतं. ठोकळा वरून निघायच्या आधी तो कुठे बसणार हे हाताला ठाऊक. मागे पोरं जमली. दुकानदार स्वतः गल्ला सोडून येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, आज दुज ना? तुमचं साडेदहाचं पाणी."

मी म्हणालो, "हो हो, हा संपला की निघालोच."

अजून थोड्या वेळाने तो परत म्हणाला, "भाऊ, दहा वाजून गेले."

मी म्हणालो, "थांबा हो जरा!" असा वस्सकन अंगावर गेलो त्याच्या. तो गल्ल्याकडे परत गेला.

काठी सोडायला काय लागतं? काही लागत नाही, बोटं उघडली की झालं. कोणी माझा हात धरून ठेवला नव्हता. मला साडेदहा दिसत होते, माझं स्वतःचं भात दिसत होतं, आणि तरी मी म्हणत होतो, एवढी ओळ जाऊ दे. ती गेली की, एवढी एक. शेवटी डाव संपला तेव्हा मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मशीनने अक्षरं मागितली. आणि मी, ज्याने आजवर कधी अक्षरं बदलली नव्हती, त्या मी तिथे उभं राहून स्वतःची अक्षरं शोधून शोधून टाकली. मग घड्याळाकडे वळलो. सव्वाअकरा वाजले होते.

सायकल कशी हाणली ते मला आठवत नाही. डोक्यात एकच, कोणीतरी बघितलं असेल, कोणीतरी फळ्या टाकल्या असतील. पण कोण टाकणार? राखण माझी होती, म्हणून सगळं गाव निर्धास्त होतं.

बांधावर चढलो आणि आवाज आला. खाडीचं पाणी उघाडीतून आत घुसत होतं, बैल मोकळे सुटल्यासारखं. आणि त्या पाण्यात छातीपर्यंत बुडून तो कातकरी उभा होता. उभा म्हणजे फळ्यांवर उभा. दोन फळ्या त्याने कशाबशा खाचेत घातल्या होत्या. पण वाहत्या पाण्यात फळी बसत नाही, उसळून वर येते, म्हणून तो स्वतः त्यांच्यावर चढून दोन्ही भिंतींना हात लावून राहिला होता. उतरला असता तर दोन्ही फळ्या निघून गेल्या असत्या. किती वेळ तसा उभा होता देव जाणे. हाका मारून मारून त्याचा आवाज बसला होता.

मला बघून तो "शेट" म्हणाला नाही. म्हणाला, "आन रं फळी! बघतोस काय?"

मी उडी टाकली. तिसरी फळी आम्ही दोघांनी मिळून दाबली, मग चौथी. पाचवी बसली तेव्हा एक वाजत आला होता. भेगांत चिखल लिंपला. दोघेही बांधावर पडलो. त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती.

आत बघितलं तर खालची निम्मी शेतं खाऱ्या पाण्याखाली. त्यात आमचंही बरंचसं होतं. वरच्या अंगाची वाचली होती, ती त्याच्यामुळे. तो नसता तर अख्खी खार, म्हणजे बांधाआडची सगळी शेती, गेली असती.

तेवढ्यात गावातून माणसं धावत आली. त्यांनी काय बघितलं? उघाडी बंद. पाचही फळ्या जागेवर. मी चिखलाने भरलेला, धापा टाकतोय. आणि शेजारी कातकरी, त्याच्याजवळ आकडी, टोपलीत चार चिंबोऱ्या. कोणीतरी उघाडीच्या बाजूला बांधात एक मोठं बीळ शोधून काढलं, ताजं उकरलेलं. त्यातून बोटभर पाणी झिरपत होतं.

"ह्यानंच! चिंबोऱ्यांसाठी बांध पोखरलान!" एकजण ओरडला. दुसऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "बरा तू व्हतास, नायतर आज सगली खार गेली असती."

मी तोंड उघडलं नाही. चांगलं लक्षात आहे माझ्या, मी थकलो म्हणून गप्प बसलो नाही, घाबरलो म्हणूनही नाही. थाप बरी वाटली म्हणून गप्प बसलो. लाज वाटते लिहिताना, पण तेच खरं आहे.

कातकऱ्याने आकडी उचलली, टोपली उचलली आणि झोपडीकडे निघून गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी कळलं, उद्या देवळात गावकी बसणार. बांधावरची झोपडी उठवायची आणि त्या घराला गावात कुठेच कामाला घ्यायचं नाही, असं जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. कातकऱ्याला गाव तोडणं म्हणजे पोटावर पाय देणं. भट्ट्या सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना होता.

मी जेवायला बसलो. बायकोने ताट वाढलं आणि ताटाशेजारी पत्र्याचा डबा ठेवला. खिळ्यांचा. उघडला. मोठे खिळे, हवे तसे, अर्धा डबा.

"तुमी सांगताय उद्या, का मी सांगू?" ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"मना येडी समजता काय तुमी? चार महिनं तुमचं मित्र दवाखान्यात मरतायत. उद्या त्या म्हाताऱ्याला बाहेर काढतील, तवा तरी तुमाला ऐकायला येल का?"

मी डब्याचं झाकण लावलं. जेवण गेलं नाही.

सकाळी मी झोपडीवर गेलो. तो दाराशी बसून तळहातांना हळद लावत होता. मी मूर्खासारखं विचारलं, "तू कोणाला काय बोललास का?"

तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "मना कोन इचारतंय?"

एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते आणि सुटलो असतो. तिथून परत येताना माझं ठरलं. उगाच मोठेपणा घेत नाही, बायकोने डबा ठेवला नसता तर ठरलं असतं की नाही हे मला आजही माहीत नाही. पण ठरवलं मीच, आणि बोललोही मीच.

गावकी देवळाच्या ओट्यावर बसली. माझा बाप गुडघे धरत येऊन खांबाला टेकून बसला. कातकऱ्याला खाली अंगणात बसवलं होतं. पंचांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "बीळ तू उकरलास?"

"व्हय," तो म्हणाला. "पन पानी त्यातून नाय आलं."

"मंग कुठून आलं?"

त्याने तळहात उलटे करून मांडीवर ठेवले. माझ्याकडे त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मी उभा राहिलो. आवाज खणखणीत आला, मलाच नवल वाटलं. म्हणालो, "उघाडीतून आलं. पाचही फळ्या बाहेर होत्या. मी पनवेलला गेलो होतो. फळ्या ह्यांनी टाकल्या, मी मागाहून आलो."

‘ह्यांनी’ म्हटलेलं माझ्या बापाने ऐकलं. त्याने मान वर केली.

"पनवेलला कशाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गेम खेळायला."

"कसला गेम? जुगार?"

"जुगार नाही. मशीन असतं. वरून ठोकळे पडतात. ते नीट रचायचे, फट ठेवायची नाही."

"बरं. मंग?"

"मग ओळ जाते."

"कुठं जाते?"

"नाहीशी होते."

ओट्यावर कोणाला काही समजेना. म्हाताऱ्याने बराच विचार केला आणि विचारलं, "मंग त्यात मिलतं काय?"

"काही नाही."

"काय म्हंजे कायच नाय?"

"काहीच नाही."

त्या ओट्यावरची शांतता मी मरेपर्यंत विसरणार नाही. मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. पण ती माणसं मनापासून समजून घ्यायला बघत होती, की निम्म्या गावाचं भात ह्याने नक्की कशाच्या बदल्यात घालवलं, आणि त्यांना काही सापडत नव्हतं. मलाही सापडत नव्हतं.

मग तरण्या पोरांतला एक उठला. म्हणाला, "त्या दुकानवाल्याला धरला पायजे. गावाकडची मानसं नादी लावतात हे लोक. चला, जाऊन मशीनंच फोडू." चार-पाच जण लगेच उठले. एका म्हातारीने तर मशीनमध्ये नजरबंदी असते असं सांगून माझी सुटकाच करून टाकली.

सांगतो, त्या क्षणी मोह झाला. काल कातकऱ्याच्या डोक्यावर होतं ते आज दुकानदाराच्या डोक्यावर जात होतं आणि मला नुसतं मान खाली घालून बसायचं होतं. सगळ्यांनी माझी कीव केली असती.

"कोणी कुठे जायचं नाही," मी ओरडलो. "त्याने मला दोनदा आठवण केली, पाणी येईल म्हणून. मीच त्याच्या अंगावर गेलो. मशीनने मला धरलं नव्हतं. काठी माझ्या हातात होती, मी सोडली नाही. पोरांनो, बसा खाली!"

ती बसली. मग माझा बाप खांबाला धरून उठला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने आमचं वरच्या अंगाचं वाचलेलं शेत, जेवढं होतं तेवढं, त्या वर्षी गावकीच्या स्वाधीन केलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी वाटून घ्या म्हणाला. आणि बसताना म्हणाला, "उघाडी आता आमच्याकडं नको. ज्यानं फळी टाकली त्याला द्या."

कुजबुज झाली. कातकऱ्याला उघाडी? पण नाही म्हणायलाही कोणाला तोंड नव्हतं. म्हाताऱ्याने अंगणात बघून विचारलं, "घेशील का रं?"

त्याने आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघितलं. म्हणाला, "मना नको. मी भट्टीवर गेलो का इथं कोन? त्यालाच ठेवा. पानी आत कसं शिरतं ते ह्या गावात त्यानंच पाह्यलंय."

एकेकाने मान डोलावली. पाळी आमच्याकडेच राहिली, पण मळणीचं टोपलं बंद झालं. मी तीन वर्षं फुकट राखण केली आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. दर पावसात शेतात गोडं पाणी साठवून मीठ धुवायचं, ओहोटीला सोडायचं, परत साठवायचं, हेच आमचं शेत. त्या दुकानात मी नंतर एकदाच गेलो, दुकानदाराची माफी मागायला. पाचव्या मशीनवर एक पोरगा खेळत होता. यादीत वरती माझी तीन अक्षरं होती. मी ती वाचली आणि बाहेर आलो.

लोक हल्ली मला विचारतात, काका, पोरगं मोबाइल सोडत नाही, काय करू? त्यांना वाटतं मी काहीतरी युक्ती सांगेन. माझ्याकडे युक्ती नाही. मी एवढंच सांगतो की त्याच्या राखणीला काहीतरी खरं द्या, आणि ते बुडालं तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला शिव्या घालू नका. काहींना हे आवडतं, काही उठून जातात.

गावकीच्या दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. तीन वाजता भरती, म्हणजे बाराला उंबऱ्याला पाणी. मी साडेदहालाच जाऊन बसलो. फळ्या काढलेल्या, शेतातलं उरलंसुरलं पाणी बाहेर जात होतं. खाली चिखलात ते बारके खेकडे फिरत होते, एक नांगी मोठी असते ते. शेकड्यांनी. तो कातकरी आकडी घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. आजवर तो कधी असा शेजारी बसला नव्हता. मी "दादा" म्हणालो.

बऱ्याच वेळाने त्याने आकडीने खाली दाखवलं. एक खेकडा आपल्या बिळात शिरत होता. शिरता शिरता त्याने चिखलाची एक गोळी ओढली आणि बिळाच्या तोंडावर घट्ट बसवली. मग दुसऱ्याने. मग बघता बघता सगळा चिखल रिकामा झाला, एकही दार उघडं राहिलं नाही. खाडी अजून लांब होती, पाणी दिसतही नव्हतं.

"बघितलास?" तो म्हणाला. "आता तू लाव."

मी उठलो आणि पहिली फळी खाचेत सोडली.